कॉलेजची खात्री उरली नसेल, तर शाळेकडून काय मागायचे?

बडोद्यातील एका आईने विचारलेला प्रश्न असा आहे. मुलगा नववीत, सीबीएसईच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, घरी मराठी. आजोबा रिफायनरीतून निवृत्त झालेले असून पदवीवाचून माणसाला किंमत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. वडील संगणक क्षेत्रात. त्यांच्या कंपनीने नव्या मुलांची भरती थांबवल्यापासून ते म्हणतात की चार वर्षे आणि इतके लाख रुपये घालून मिळणाऱ्या कागदाला आपला मुलगा बावीस वर्षांचा होईपर्यंत विचारणार कोण. दरम्यान एका शिकवणी संस्थेने ‘अकरावी-बारावीला नाव शाळेत, दिवसभर आमच्याकडे’ अशी योजना सुचवली असून तिची आगाऊ रक्कम या महिनाअखेरीस भरायची आहे. मुलाला स्वतःला सुट्टीत मकरपुऱ्यात मामाच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसायला आवडते. कॉलेजचेच भवितव्य असे अधांतरी असेल, तर शाळेकडून काय अपेक्षा ठेवायची आणि आत्ता काय करायचे, असे त्या विचारतात.

मी बडोद्यात एकतीस वर्षे माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांना गणित शिकवले आणि निवृत्तीनंतरची आठ वर्षे दहावी-बारावीच्या मुलांशी व त्यांच्या पालकांशी याच विषयावर बोलत आले आहे. ज्याची मुदत जवळ आली आहे, त्याचे उत्तर आधी देते: ती रक्कम भरू नका. कॉलेजची खात्री जितकी कमी होत जाईल, तितकी शाळा पुरी होणे महत्त्वाचे ठरेल आणि ही योजना नेमकी शाळेचीच शेवटची दोन वर्षे काढून घेते. असे मी का म्हणते, ते आता सविस्तर सांगते.

आजोबा आणि वडील दोघेही आपापल्या अनुभवाला धरून बोलत आहेत, हे प्रथम मान्य करायला हवे. खते बनवणाऱ्या जीएसएफसीची स्थापना १९६२ मध्ये झाली, कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली आणि १९६९ मध्ये आयपीसीएल ही पेट्रोरसायनांची कंपनी स्थापन झाली. शहराच्या एका बाजूला इतके मोठे कारखाने दहा वर्षांच्या आत उभे राहिले आणि त्यांना शिकलेली माणसे हवी होती. दांडिया बाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांत पहिली पदवी किंवा पहिला डिप्लोमा आला आणि एका पिढीत घराचे रूप पालटले. ज्याने हे स्वतःच्या घरात पाहिले, त्याला पदवी म्हणजे पायाखालची जमीन वाटणे स्वाभाविक आहे.

वडिलांच्या म्हणण्यालाही आधार आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील रोजगारविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती ३.४ टक्के होती. हे आकडे पाहून ‘शिकलेला घरी बसला आणि न शिकलेला कामाला लागला’ असे लोक म्हणतात, परंतु त्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. ज्याच्या घरी दोन महिने बसून खाण्याची सोय नाही, तो मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर धरतो आणि मोजणीत बेरोजगार दिसत नाही. पदवीधर मात्र आपल्या शिक्षणाला साजेशा नोकरीची वाट पाहत राहतो आणि त्याचे घर त्याला वाट पाहू देते. तेव्हा पदवी कुचकामी ठरली, असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही; पदवी हातात येणे आणि तिच्या जोगे काम मिळणे यांतले अंतर फार वाढले आहे, एवढे मात्र निश्चित होते.

कॉलेजे बंद पडत असल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेतल्या असतात. तिथे २०१० च्या सुमारास विद्यार्थिसंख्या शिखरावर होती, पुढे ती उतरत गेली, लहान खासगी कॉलेजे बंद झाली. आणि २००७ नंतर जन्म कमी होत गेल्यामुळे अठरा वर्षांची मुलेच आता तिथे घटू लागली आहेत. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत उच्च शिक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते, म्हणजे १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत २८.४ टक्के; आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे. आपल्याकडे कॉलेजे वाढत आहेत आणि त्याच वेळी इंजिनिअरिंगच्या हजारो जागा दरवर्षी रिकाम्या राहत आहेत. संगणकाच्या शाखेला झुंबड आणि सिव्हिल-मेकॅनिकलच्या वर्गात शुकशुकाट. याचा अर्थ मी असा लावते की कॉलेज नाहीसे होणार नाही, ते फुटून वेगवेगळे होईल. थोड्या संस्था फार मोलाच्या राहतील आणि पुष्कळशा केवळ शुल्क घेऊन कागद देत राहतील. शिवाय कोणती संस्था कोणत्या बाजूला जाईल, हे आज नववीतल्या मुलाच्या आईला कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आता शाळेकडे येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे. आपली माध्यमिक शाळा वरून खाली बांधली गेली आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. मॅट्रिक ही शाळा संपल्याची परीक्षा नव्हती. विद्यापीठात प्रवेश घेण्यास मुलगा लायक आहे की नाही, हे विद्यापीठाने ठरवण्याची ती परीक्षा होती. परंतु पाहता पाहता सगळी हायस्कुले तिच्याच तयारीला लागली आणि जी मुले कधीच कॉलेजात जाणार नव्हती, त्यांच्या कपाळीही ‘मॅट्रिक नापास’ हा शिक्का आला. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने हायस्कुलात दोन फाटे असावेत, एक विद्यापीठाकडे जाणारा आणि दुसरा व्यापार-व्यवहाराकडे नेणारा, अशी शिफारस केली होती. दुसरा फाटा रुजला नाही, कारण पुढे कॉलेजचे दार त्या वाटेवर नव्हते. शंभर वर्षांनी १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने पुन्हा तेच उद्दिष्ट ठेवले: उच्च माध्यमिकचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२३ मधील पाहणीत १४ ते १८ वयोगटातली व्यावसायिक प्रशिक्षण घेणारी मुले ५.६ टक्के आढळली.

या बाबतीत बडोद्याने एकदा निराळा प्रयोग करून पाहिला होता, म्हणून तो सांगण्याचा मोह आवरत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानाला लागू केले. खेड्यातल्या ज्या मुलामुलींचा कॉलेजशी काडीचा संबंध येणार नव्हता, त्यांच्यासाठी शाळा. म्हणजे शाळेला स्वतःचे प्रयोजन असू शकते, हे इथे राज्यकर्त्याने कायद्याने मान्य केले. त्याच काळात, १८९० मध्ये, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उघडले, जिथे रंगकाम, विणकाम, यंत्रकाम अशा गोष्टी शिकवल्या जात. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आज त्या जागी विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे, कारण १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्यात विलीन झाले. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या शिक्षणाची उंची वाढली, हे मी नाकारत नाही. परंतु हाताने करायच्या विद्येलाही मान मिळवायचा तर शेवटी पदवीच्या ओसरीवर यावे लागते, हा धडा शहराने त्यातून घेतला आणि आपल्या शाळा तोच धडा आजही गिरवत आहेत.

म्हणून कॉलेज डळमळले की शाळा आपोआप मोकळी होईल, असे जे काही जण म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. उलट घडताना मी पाहिले आहे. साध्या पदवीवरचा विश्वास जसजसा कमी झाला, तसतशी सगळी ओढ त्या थोड्या खात्रीच्या जागांकडे वळली आणि शाळेच्या गळ्याचा फास आणखी आवळला गेला. २०२४ मध्ये नीटला सुमारे २३ लाख मुले बसली. एमबीबीएसच्या जागा सरकारी आणि खासगी मिळून १ लाख १० हजारांच्या आसपास होत्या. सगळ्या आयआयटींच्या मिळून १७,७४०. या अरुंद दारांसाठी अकरावीपासून शाळा बाजूला सारायची, ही तुमच्यापुढे आलेल्या योजनेची मूळ कल्पना आहे.

नावापुरती शाळा आतून कशी दिसते, ते मी पाहिले आहे. नोकरीच्या अखेरच्या काळात एका वर्षी अकरावी विज्ञानाच्या माझ्या पटावर साठ नावे होती आणि जून संपेपर्यंत वर्गात अकरा मुले उरली. मी हजेरी घेई. एका नावाला ‘हजर’, मग सहा-सात नावांना काहीच नाही, मग पुन्हा एक ‘हजर’. पुढे मी हजेरीत फक्त अकरा नावे घेऊ लागले, आणि उरलेली एकोणपन्नास कागदावर कोणी भरत असे. राहिलेली मुले बहुतेक ज्यांच्या घरी शिकवणीचे पैसे नव्हते अशी होती. परंतु त्या वर्षी एक गोष्ट घडली. प्रयोगशाळेत एरवी एका टेबलाभोवती सहा जण उभे राहत. त्यांतला एक मोजमाप घेई आणि पाच जण उतरवून घेत. त्या वर्षी प्रत्येकाला स्वतंत्र टेबल मिळाले. त्या अकरा मुलांनी प्रत्येक प्रयोग स्वतः केला, चुकवला आणि पुन्हा केला. खरी शाळा त्या वर्षी फक्त त्यांना मिळाली, असे मला आजही वाटते. २०२४ मध्ये सीबीएसईने अचानक तपासण्या करून अशा काही शाळांची संलग्नता काढून घेतली. ७५ टक्के उपस्थितीचा नियम तर पूर्वीपासूनच आहे. म्हणजे नियमाच्या बाजूनेही हा मार्ग आता धोक्याचा आहे.

याच्या दुसऱ्या टोकाचाही एक प्रसंग सांगते. बारावीला भौतिकशास्त्रात नव्वदच्या वर गुण मिळवलेला माझा एक विद्यार्थी इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष संपवून सुट्टीत आला होता. मला दहावीच्या मुलांसाठी मकरपुऱ्यातल्या एका लेथच्या कारखान्याची भेट ठरवायची होती, म्हणून त्याला बरोबर नेले. तिथल्या कारागिराने त्याच्या हातात एक शाफ्ट दिला आणि व्हर्नियर पुढे करून माप विचारले. शाळेच्या व्हर्नियरचे लघुतम माप ०.०१ सेंटिमीटर हे त्याला पाठ होते. कारखान्याच्या व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर लिहिलेले होते. तो तिथेच अडखळला. मग त्याने माप घेतले, तर तीन वेळा तीन वेगळी उत्तरे आली, कारण जबडे शाफ्टवर तिरके बसत होते आणि तो जोराने दाबत होता. कारागिराने काही न बोलता त्याचे मनगट धरून किंचित फिरवले, अंगठ्यावरचा दाब कमी करायला लावला आणि मग पुढची तिन्ही मापे एकसारखी आली. परत येताना तो मुलगा म्हणाला, ‘बाई, शाळेत हे एकाच दुपारी झाले होते, आणि आकडे आम्ही मागच्या वर्षीच्या जर्नलमधून घेतले होते.’ त्या शाळेत शिकवणाऱ्यांत मीही होते आणि असे होते हे मला माहीत होते. परीक्षेला पुरत होते, म्हणून आम्ही सर्वांनी ते चालू दिले.

शाळेने अशा कितीतरी गोष्टी पुढच्यावर ढकलल्या आहेत. नीट लिहायला कॉलेजात शिकतील, प्रयोग कॉलेजात होतील, चारचौघांत बोलणे कॉलेजात येईल, वाचनाची आवड तिथे लागेल. पुढे एक भरवशाचे कॉलेज आहे, असे गृहीत धरून ही उधारी चालत आली. असरच्या त्याच पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिक जणांना जमले नाही. ही पाहणी ग्रामीण भागातली आहे. शहरातल्या महागड्या शाळांची स्थिती वेगळी असली, तरी उधारीची सवय तीच आहे. यात भर म्हणजे फोनवर प्रश्न टाकला की पूर्ण निबंध, पूर्ण प्रकल्प आता तयार मिळतो. घरून करून आणलेल्या कामावर गुण देण्याला फारसा अर्थ राहिलेला नाही.

धोरणाकडे पाहिले तरी मला हेच दिसते. नव्या रचनेत एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, साठवून ठेवण्याची व्यवस्था २०२१ पासून आहे. याचा उपयोग करणारा माणूस एकविसाव्या वर्षी बाहेर पडेल आणि तिसाव्या वर्षी परत येईल. तेव्हा त्याला शिकवणी लावून देणारे आईवडील बरोबर नसतील. पुस्तक उघडून स्वतः समजून घेण्याची, न समजलेले नेमके कुठे अडले ते ओळखण्याची आणि चुकलेले पुन्हा करण्याची जी सवय शाळेत लागलेली असेल, तिच्यावरच तो परत उभा राहील.

एका गोष्टीबद्दल वडिलांना माझा विशेष निरोप द्या, कारण तुमच्या घरात मुलगा आहे, म्हणून ती कदाचित त्यांच्या ध्यानात आली नसेल. ‘कॉलेजला काही अर्थ नाही’ हे वाक्य ज्या घरात मुलगी आहे, तिथे फार लवकर अमलात येते. वाडी भागातल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी बारावीनंतर हाच सूर निघाला होता: बी.कॉम.ने नोकरी थोडीच मिळते, मग रोजचा जाण्यायेण्याचा खर्च कशाला. मी तीनदा त्यांच्या घरी गेले. पदवीचे बाजारमूल्य सांगून त्यांना पटले नाही, आणि ते मला स्वतःलाही पटवून देता येत नव्हते. शेवटी तिच्या आजीने, स्वतःला शिकायला मिळाले नाही म्हणून, जाऊ द्या म्हटले. तीन वर्षे ती रोज घराबाहेर पडली, विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात बसली, स्वतःचे बँक खाते स्वतः चालवू लागली, आणि लग्नाचा विषय तीन वर्षे पुढे गेला. हंसाबेन १९४९ मध्ये या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, त्याला पाऊण शतक झाले. तरीही अनेक घरांत मुलीला उंबरठा ओलांडायला कॉलेज हेच सर्वमान्य कारण आहे. कॉलेजची किंमत केवळ नोकरीच्या तराजूत तोलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता तुमच्या मुलाविषयी. दहावीनंतर त्याच्यापुढे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक, खरीखुरी अकरावी-बारावी, जिथे तो रोज वर्गात आणि प्रयोगशाळेत असेल. शिकवणी हवीच असेल तर संध्याकाळी, एका-दोन विषयांपुरती. दुसरा, तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि नंतर हवे असल्यास डी-टू-डीने, म्हणजे डिप्लोमावरून थेट पदवीला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. हात चालणाऱ्या मुलासाठी हा दुसरा मार्ग मला मनापासून आवडतो, परंतु गणित कच्चे ठेवून तिकडे गेलेली मुले पदवीच्या वर्गात अडकतात, हेही मी वारंवार पाहिले आहे. निवड दहावीच्या निकालानंतर करायची आहे. आज घाई करण्याचे कारण नाही. शाळेत जाऊन मात्र एवढे विचारा: या वर्षी प्रयोगशाळेत माझ्या मुलाच्या स्वतःच्या हातून किती प्रयोग होणार आहेत, ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात आहे की दुसऱ्या विषयाला दिला आहे, आणि वर्गात बसून, कशाचीही मदत न घेता तो महिन्यातून किती वेळा सलग पानभर लिहितो. उत्तरे असमाधानकारक असतील, तर चार पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटा. एकट्या पालकाचे म्हणणे शाळा तक्रार समजते. चौघांनी तीच गोष्ट मागितली की वेळापत्रकात एक तास निघतो, हा माझा अनुभव आहे.

आणि मामाच्या दुकानात त्याला जरूर जाऊ द्या, पण दिवाळीच्या सुट्टीत त्याला एक दोनशे पानी वही घेऊन पाठवा. जळलेली मोटर उघडल्यावर जुनी तार काढण्याआधी कारागीर जे जे टिपतो, ते त्याने स्वतःच्या अक्षरात टिपावे: मोटर किती अश्वशक्तीची, स्लॉट किती, एका कॉइलला वेढे किती, कॉइल कितव्या स्लॉटमधून कितव्या स्लॉटमध्ये जाते, तार कोणत्या गेजची. शेवटच्या रकान्यात ती मोटर का जळली, याविषयी मामाचे म्हणणे आणि त्याखाली स्वतःचे म्हणणे लिहावे. हे पान तो मराठीत लिहील तर फार उत्तम. सुट्टी संपल्यावर ती वही त्याच्या गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा, आणि आजोबांनाही. रिफायनरीत इतकी वर्षे काढलेल्या माणसाला त्या शेवटच्या रकान्यावर बोलण्यासारखे पुष्कळ असेल.